लोखंडावर कोरलेली परवानगी

कान्हे फाट्याला पुणे-मुंबई रस्ता सोडून टाकवे बुद्रुककडे वळले की आंदर मावळ सुरू होतो. आंद्रा नदीचे हे खोरे वडेश्वर, कुसूर, खांडी अशा गावांवरून थेट सह्याद्रीच्या कड्याला जाऊन भिडते. कुसूर घाटाने खाली उतरले की भिवपुरी. टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीने १९२२मध्ये ठोकळवाडीचे धरण पुरे केले, खोऱ्याच्या वरच्या अंगाला तलाव पसरला आणि त्याचे पाणी डोंगराच्या पोटातून भिवपुरीच्या वीजघराकडे जाऊ लागले. खोऱ्याचे रूप बदलले, पण माणसाचा रानाशी असलेला रोजचा संबंध सुटला नाही. भाताच्या खाचरात शिरणारी रानडुकरे, गोठ्याभोवती घुटमळणारा बिबट्या, वाघजाईची ठाणी, अश्विनातली वाघबारस हे सारे या मुलखाच्या जगण्यातच आहे.

अशा मुलखात बंदूक कोणाच्या हाती होती, कोणत्या जातीची होती आणि दुसऱ्या जातीची का नव्हती, याची उत्तरे बंदुकीवरच कोरलेली असतात. ती वाचता आली पाहिजेत. विशेषतः जुन्या बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफलीवर ती इतक्या दाटीने कोरलेली असतात, की एकेका खुणेमागे एकेक कायदा उभा आहे. म्हणून अशी रायफल ओळखणे हे निव्वळ हौशी संग्राहकाचे काम राहत नाही, आणि ती घासूनपुसून नवीकोरी करणे म्हणजे दस्तऐवजावरची अक्षरे खोडून काढणे ठरते.

मावळात बंदूक नवी नव्हती. जानेवारी १७७९मध्ये इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्याच्या रोखाने निघाली, तेव्हा याच तालुक्यात तिची वाट अडली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे मराठ्यांचा ‘इष्टूर फाकडा’, पडला. पुढे तळेगावाहून माघार घेताना फौज वडगावला कोंडली गेली आणि इंग्रजांना तह करावा लागला. त्या काळातली साधी बंदूक तोड्याची. दारू ठासायची, गोळी सोडायची, गजाने दाबायची आणि पेटत्या जामगीने बार काढायचा. ती गावचा लोहार दुरुस्त करू शकत होता, दारू मुलखात तयार होत होती. हत्यार बाळगायला परवान्याचा कागद लागतो ही कल्पनाच त्या काळी नव्हती.

बरोबर ९९ वर्षांनी ती कल्पना कायदा होऊन आली. १८७८च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदुस्थानातल्या रयतेला परवान्याशिवाय बंदूक बाळगण्याची बंदी झाली. युरोपियनांना, संस्थानिकांना आणि काही मानकऱ्यांना सूट मिळाली. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध तक्रारी होत राहिल्या, त्या या भेदामुळेच. कायदा आला त्याच्या पुढच्याच वर्षी शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना बरोबर घेऊन पुणे जिल्ह्यात बंड उभारले. सरकारच्या मनातली हत्यारांची धास्ती त्यानंतर कमी होणार नव्हती. पुढल्या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात कोणते काडतूस चालेल आणि कोणते नाही, हे याच धास्तीने ठरवले.

याच सुमारास युरोपात बंदुकीचे अंतरंग पालटत होते. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला आणि कॅनडा-अमेरिकेत वाढलेला कारागीर. मुठीने मागेपुढे सरकणारा बोल्ट आणि त्याखाली काडतुसांची पेटी अशी त्याची रचना ब्रिटिश लष्कराने १८८८मध्ये उचलली आणि .३०३ बोअरचे काडतूस तिच्यासाठी ठरवले. पुढे नळीतल्या आट्यांची घडण बदलली आणि १८९५पासून ती ली-एनफिल्ड झाली. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिसलेली ‘थ्री-नॉट-थ्री’ ती हीच. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून ती बनू लागली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २६ जानेवारी २०२० रोजी. जर्मनीत पीटर पाउल माउझरने १८९८मध्ये आपली रचना पक्की केली. जगातल्या बहुतेक बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफली या दोन घराण्यांतल्या आहेत.

लष्करी रायफल शिकारी होते कशी? पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत जुन्या लष्करी रायफली ढिगाने, स्वस्तात विकल्या गेल्या. शिकाऱ्यांनी त्या घेतल्या. नळीवरचे टोकापर्यंतचे लाकूड कापून टाकले, संगीन अडकवायचा लोखंडी मुखवटा काढला, नळी आखूड केली, दस्ता बदलला, नवी माशी बसवली. अशा रायफलीला तिकडे ‘स्पोर्टराइज्ड’ म्हणतात. कोणी हे काम घरच्या कानशीने केले, तर पार्कर-हेलसारख्या इंग्लिश कंपन्यांनी ते पद्धतशीर कारखान्यात केले.

हिंदुस्थानात मात्र हा मार्ग खुला नव्हता. थ्री-नॉट-थ्रीचे काडतूस लष्कराचे आणि पोलिसांचे. ते साध्या परवानेदाराच्या हाती पडू द्यायचे नाही, हे सरकारी धोरण. खासगी हातात त्या बोअरची रायफल असली, की लष्करी गोळ्यांच्या चोरीला गिऱ्हाईक मिळणार, असा त्यामागचा हिशोब होता. हाच हिशोब १९०७मध्ये मोठ्या बोअरलाही लागू झाला. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलीचे .४५० बोअर हिंदुस्थान आणि सुदानात बंद झाले. हत्ती-गव्याच्या शिकारीला .४५०च्या रायफली विकणाऱ्या लंडनच्या कारागिरांची पंचाईत झाली. त्यांनी .४६५, .४७० अशी थोडी वेगळी मापे काढली. शिकारी जगतात आज दबदबा असलेली ही मापे हिंदुस्थानच्या एका बंदीतून जन्मली आहेत.

छोट्या बोअरच्या रायफलीसाठी बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने असाच मार्ग काढला. लीची यंत्रणा तीच ठेवली, पण काडतूस घेतले ऑस्ट्रियन लष्कराचे, ८ मिलिमीटर मानलिकर. हिंदुस्थानातल्या कोठारांत ते नव्हतेच, त्यामुळे चोरीची भीती नव्हती. हेच आपल्याकडचे .३१५ बोअर. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या कारखान्याने याच मापाची शिकारी रायफल काढली. ऑस्ट्रियाच्या लष्कराने केव्हाच टाकून दिलेले माप भारतात परवान्याच्या रायफलीचे नेहमीचे माप होऊन बसले. भारतातल्या परवानेदाराची रायफल म्हणजे .३१५, हे समीकरण आजही कायम आहे.

मावळाला या गोष्टीत स्वतःचा धागा आहे. आंदर मावळातून रेल्वेने पुण्याकडे निघाले की वाटेत खडकी लागते. तिथला दारूगोळा कारखाना १८६९मधला. थ्री-नॉट-थ्रीच्या गोळ्यांपासून .३१५च्या काडतुसांपर्यंत आणि ‘शक्तिमान’ नावाच्या बारा बोअरच्या छर्ऱ्यांपर्यंत सारे या कारखान्यातून बाहेर पडले. काडतूस उलटे धरून बुडाकडे पाहिले, की मधल्या केपभोवती बारीक अक्षरे दिसतात. त्यांतली ‘केएफ’ ही दोन अक्षरे खडकीची, किरकी फॅक्टरीची. २०२१मध्ये देशातल्या आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, त्यांतल्या म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालयही पुण्यातच आले. परवानगी कोणत्या बोअरला हे सरकार ठरवणार आणि त्या बोअरची गोळीही सरकारी कारखान्यातच होणार, अशी ही दुहेरी पकड.

आणि गावाकडच्या माणसाच्या वाट्याला काय आले? त्याचे उत्तर कायद्याच्या कलमातच आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याचे १३वे कलम सांगते, की संरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी वीस इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक, आणि पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, या दोहोंचा परवाना नागरिकाला द्यावा. रायफलीच्या नळीत आटे असतात. ते गोळीला फिरकी देतात आणि ती लांबवर नेमकी जाते. गुळगुळीत नळीला तो पल्ला नाही. ठासणीच्या बंदुकीत एका बारानंतर दुसरा बार भरेपर्यंत रानडुक्कर खाचर ओलांडून पार होते. म्हणजे स्वतंत्र भारतातही शेतकऱ्याच्या हाती सहज येणारे हत्यार अठराव्या शतकातल्या जातीचेच राहिले. त्यामुळे डोंगरपट्ट्यातल्या जुन्या घरात बंदूक निघालीच तर ती बहुधा ठासणीची किंवा एकनळी बारा बोअरची असते. बोल्टची रायफल निघते ती इनामदाराच्या, फौजेतल्या अधिकाऱ्याच्या किंवा लोणावळा-खंडाळ्याला बंगला बांधलेल्या मुंबईकर धनिकाच्या वारशातून.

आता अशी एखादी रायफल समोर आली आहे असे समजू. पहिले काम एकच. ती परवानेधारकाच्या ताब्यात असताना, बोल्ट पूर्ण मागे ओढून, नळीच्या बुडाशी आणि पेटीत काडतूस नाही याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करायची. त्यानंतरच वाचायला बसायचे.

सुरुवात बोल्टपासून. मूठ वर उचलताना थोडक्यात मोकळी झाली आणि बोल्ट पुढे ढकलून बंद करताना स्प्रिंगचा जोर हाताला लागला, तर घराणे लीचे. मूठ पार वर, काटकोनात उचलावी लागली आणि उचलतानाच जोर लागला, तर बहुधा माउझर ९८चे. लीच्या बोल्टला घट्ट धरणारे कान मागच्या बाजूला असतात, माउझरचे पुढे, नळीच्या तोंडाशी. एवढ्याने निम्मी ओळख पटते.

मग लष्करी जन्माचे व्रण शोधायचे. लष्करी ली-एनफिल्डच्या पाठीवर, बोल्टच्या वर, एक लोखंडी पूल असतो. पाच-पाच गोळ्यांची पट्टी त्यात अडकवून पेटी एका झटक्यात भरायची. मुळातच शिकारीसाठी बनवलेल्या रायफलीला याची गरज नसते. तो पूल असेल, किंवा कापून घासल्याची सपाट जागा दिसत असेल, तर रायफल कधीकाळी फौजेत होती. दस्ता जिथे लोखंडी खोबणीत शिरतो, तिथे उजव्या अंगाला ली-एनफिल्डचा जन्मदाखला असतो. वर मुकुट, खाली कारखान्याचे नाव, साल आणि नमुना. ईशापूरच्या ब्रिटिशकालीन रायफलीवर मुकुटाखाली ‘जीआरआय’ आणि ईशापूरचे नाव दिसते. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले आणि ‘आरएफआय’, म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूर, ही अक्षरे आली. सत्तांतराची अशी नोंद दस्त्याजवळच्या दोन बोटे जागेत सापडते. कुठे रुंद बाण आणि त्याखाली ‘आय’ हे अक्षर असेल, तर ती हिंदुस्थान सरकारच्या मालकीची खूण.

अनुक्रमांक एकाच जागी पाहून भागत नाही. लष्करी ली-एनफिल्डवर तो बोल्टच्या मुठीमागे, मुख्य सांगाड्यावर, नळीवर आणि मागच्या नेमाच्या पट्टीवर असतो. चारही आकडे जुळले तर रायफल एकसंध राहिली आहे. बोल्टचा आकडा वेगळा निघाला, तर तो दुसऱ्या रायफलीचा आहे. अशी रायफल झाडण्याचा विचारही जाणकार बंदूकसाजाने तपासल्याशिवाय करू नये, कारण बोल्ट आणि नळी यांच्यातली फट जोडीनिशी ठरलेली असते.

नळीच्या बुडाशी बारीक शिक्के असतात. इंग्लंडात १८६८च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नळीची जादा दारूने चाचणी व्हायची. लंडन आणि बर्मिंगहॅम या दोन चाचणीघरांचे शिक्के वेगवेगळे. ‘नॉट इंग्लिश मेक’ असा शिक्का असेल तर रायफल बाहेरच्या देशात बनून इंग्लंडात तपासली गेलेली. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींची आकृती ही बीएसएची खूण. नळीवर कलकत्ता किंवा मुंबईच्या एखाद्या जुन्या बंदूक-दुकानाचे नाव असेल, तर रायफल पहिल्यांदा कुठे विकली गेली ते कळते.

एक फसवी गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाहेरून तंतोतंत ली-एनफिल्ड, पण नळीत डोकावले तर आटेच नाहीत. ही .४१० मस्केट. ईशापूरच्या कारखान्यात थ्री-नॉट-थ्रीच्या घडणीवर गुळगुळीत नळी बसवून, एकेक गोळी भरायची अशी ती बनवली, पोलिसांसाठी आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी. आपल्याच देशी शिपायाच्या हाती लांब पल्ल्याची रायफल द्यायला सरकार कचरत होते, आणि ते कचरणे नळीच्या आत डोळा लावून पाहता येते.

खुणा आणि कागद जुळले की रायफलीचे काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण कुमाऊंचे आहे. जिम कॉर्बेटने १९०७मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्याला लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची रायफल भेट दिली. आतली यंत्रणा माउझरची. दस्त्यावर बसवलेल्या चांदीच्या पट्टीवर देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि कारण कोरलेले आहे. कॉर्बेटनंतर ती त्याच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली आणि २०१५मध्ये रिग्बी कंपनीने ती परत मिळवली. तशा घडणीच्या रायफली त्या काळी कितीतरी विकल्या गेल्या होत्या. हिला वेगळे केले ते त्या पट्टीने आणि मधल्या एकाही मालकाने ती पट्टी काढून वितळवली नाही म्हणून.

महाराष्ट्रात शिकारीचा असा वारसा मुख्यतः संस्थानांत सापडतो. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात शस्त्रे आणि शिकारीतले प्राणी जपून ठेवले आहेत. राजर्षी शाहूंच्या शिकारीचे रान असलेले दाजीपूर १९५८मध्ये अभयारण्य झाले. पुण्यातल्या राजा केळकर संग्रहालयातही शस्त्रांचे दालन आहे.

रायफल जपायची म्हणजे काय करायचे, हा प्रश्न मावळात जास्तच अवघड. लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर घरातल्या भिंती ओल धरतात. इथे लोखंडाचा पहिला वैरी कातडी म्यान. दिसायला राजेशाही असले तरी कातडे ओल शोषते आणि त्यात कमावणीची रसायने असतात. चार महिन्यांत नळीवर तांबूस ठिपके उमटतात. म्यान वेगळे ठेवावे, रायफल सुकी आणि हवेशीर कुलूपबंद कपाटात ठेवावी, शेजारी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात त्या वरचेवर बदलाव्यात.

दुसरा वैरी नळीच्या आत असतो. जुन्या काडतुसांच्या केपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाल्यावर त्याचे मीठ नळीत चिकटते आणि हवेतले पाणी ओढत राहते. तेलात मीठ विरघळत नाही. म्हणून जुने शिपाई आधी कढत पाणी नळीतून ओतायचे, नळी कोरडी करायचे आणि मग तेलाचा हात फिरवायचे. दस्ता बहुधा अक्रोडाच्या लाकडाचा. त्याला जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरतो. लोखंडावर तेल बेताने लावावे आणि रायफल नळी खाली करून ठेवावी, नाहीतर तेल झिरपून दस्त्याच्या मानेचे लाकूड मऊ पडते.

आणि काय करू नये? पॉलिश पेपर लावू नये. नळीचा काळसर-निळा रंग गेला म्हणून नव्याने मुलामा देऊ नये. दस्त्याला व्हार्निश फासू नये. गंज वाढत असेल तर तेलात भिजवलेल्या मऊ कापडाने, धीराने काढावा. चाचणीघराचे शिक्के केसाइतके खोल असतात. पॉलिशच्या चाकावर दोन मिनिटे धरली की जातात, आणि त्यांच्याबरोबर रायफलीची ओळखही जाते. लष्करी रायफलीला पुन्हा लष्करी रूप द्यावे म्हणून नवे लाकूड चढवण्याचा मोहही टाळलेला बरा. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणी तरी कानशीने केलेला बदल हादेखील आता इतिहासच आहे.

धातूइतकाच कागद जपावा लागतो. परवानेधारक वारला की शस्त्र कायद्याच्या २१व्या कलमाप्रमाणे वारसांनी हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारे बाळगता येतात. ४५वे कलम पुरातन किंवा कालबाह्य हत्याराला सूट देते, पण ते दुरुस्त करूनही चालणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. १९७२च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तू ठरते. तरीही १९०७ची चालती रायफल शस्त्र कायद्याच्या कक्षेतच राहते. वय झाले म्हणून परवाना सुटत नाही. वारसांनी जमा करतानाच चारही बाजूंचे फोटो काढावेत, एकूण एक शिक्का आणि आकडा वहीत उतरवावा, जुना परवाना आणि खरेदीची पावती यांच्या प्रती ठेवाव्यात. वारस परवाना मिळवायला हेच कामी येते, आणि परवाना नाही मिळाला तरी नोंद उरते.

त्याच १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९१च्या दुरुस्तीने शिकारीचे उरलेसुरले परवानेही संपले. आज सह्याद्रीत शिकारीसाठी रायफल घेऊन रानात शिरणे हा गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. शेकरू आणि बिबट्या आज या डोंगरांत आहेत ते त्या कायद्याच्या आधाराने. पण त्याआधीच्या शिकारीची एक बाजू कुठल्याही शिक्क्यावर आलेली नाही. बंगल्यातला साहेब मचाणावर बसायचा. माग काढणारे, रान उठवणारे, हाका घालणारे हात असायचे ठाकर, कातकरी आणि महादेव कोळ्यांचे. रायफलीवर कारखान्याचे नाव आहे, मालकाचे नाव आहे, सरकारचा मुकुट आहे, त्यांचे नाव नाही. १९७२ला पंचविशीत असलेला माणूस आज ऐंशीच्या घरात आहे. शिकारी घराण्यांकडे जुने फोटो आहेत, आणि त्यांत मारलेल्या जनावरामागे उभ्या असलेल्या माणसांच्या रांगा आहेत. त्या फोटोंच्या प्रती वाड्यावस्त्यांवर नेऊन कोण कोणत्या घरातला, हाका कोणत्या बाजूने निघायचा, मजुरी धान्यात मिळायची की पैशांत, हे विचारून रायफलीच्या कागदांना जोडून ठेवता येईल. हे काम संग्रहालयाला जमेल, गावातल्या शाळेला जमेल, एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागालाही जमेल. सांगणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत.